फामोरी त्राओरे काय म्हणाले होते

किता गावात बाबांच्या, फामोरी त्राओरेंच्या, नावाची शाळा उभी राहिली आणि शाळासमितीने मला निरोप धाडला: दाराशी दगड बसवतोय, त्यावर कोरायला त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या भाषणातलं एक वाक्य द्या. कुठून देणार? बाबा पहिल्या सरकारात मंत्री. लष्कराने सत्ता घेतली, त्यांना वाळवंटातल्या तुरुंगात नेलं, ते परतलेच नाहीत. आईने भीतीपोटी घरातले सगळे कागद चुलीत घातले. वडिलांचा एक शब्द आपल्याकडे नसावा याची मला जन्मभर चीड येत राहिली.

उरला होता एकटा जेलीमादी जाबाते. आमच्याकडे मोठा माणूस गर्दीपुढे ओरडत नाही. तो हळू बोलतो, आणि शेजारचा भाट ते खड्या आवाजात लोकांना ऐकवतो. त्या दिवशी बाबांशेजारी जेलीमादी होता.

मला पाहताच म्हातारा चटईवरून म्हणाला, "आली चवळीखाऊ त्राओरे. सुने, हंडीवर झाकण ठेव गं."

आमच्या दोन कुळांत ही थट्टा पिढीजात आहे, रागवायचं नसतं. चवळी तुमच्याच घरची चोरलेली, असं मीही ऐकवलं आणि रिवाजाप्रमाणे भेटीची कोलाची फळं त्याच्यापुढे ठेवली.

त्याने अख्खं भाषण म्हणून दाखवलं. पण मधलं एक वाक्य ओळखीचं निघालं. बाबांना तुरुंगात धाडणाऱ्या कर्नलच्या नावाने तेच वाक्य मी याच आवाजात रेडिओवर ऐकलं होतं. गावाला ते तोंडपाठ आहे.

मी विचारलं, तर त्याने नाकारलं नाही. "पोट होतं, पोरी. ज्याच्या दारी बसायचं त्याचं गायचं."

"मग यातलं बाबांचं कोणतं, काका?"

"ते दोन शब्द बोलायचे, मी दहा करायचो. भाटाचं कामच ते. आता त्यांचं कुठलं आणि माझं कुठलं, अल्लालाच ठाऊक."

मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. पण तो नसता तर एवढंही कोणी ऐकवलं नसतं. खात्रीचं एक तरी सांगा, म्हणून मी हातापाया पडले.

त्याने कोलाचा तुकडा तोंडात टाकला. "एक आहे. ते मी लोकांना ऐकवलं नव्हतं. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, 'आटप आता, बायाबापड्या उन्हात उभ्या आहेत.'"

समितीला मी तेच कळवलं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं, जेलीमादीलाच भाषण म्हणायला लावलं आणि त्यातलं कर्नलचं ते गाजलेलं वाक्य कोरून खाली बाबांचं नाव घातलं. ते बाबांचं नाही, हे तरी मी कशाच्या जोरावर सांगू?