खड्ड्यातली सवत

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. अंगाने बारीक, रंगाने कधी काळी पांढरी आणि स्वभावाने जळकी. ही तिसरी गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून मीच आधी सांगून टाकते. गोडगोड कहाणी हवी असेल तर शेडमधल्या चहाच्या किटलीला विचारा. तिचं सगळ्यांशी जमतं.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पुढे मोठं भिंग, मागे डोळा लावायचं छोटं भिंग, मध्ये नळी आणि खाली तीन लाकडी पाय. जहाजातून मी ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला आले आणि एका दुकानाच्या काचेत उभी राहिले. तिथून मला कीथने घेतलं. कीथ तेव्हा तरुण होता आणि पवनचक्क्या दुरुस्त करायचा. फ्लिंडर्स डोंगरांच्या अलीकडे आमच्या भागात मेंढ्यांना पाणी पवनचक्कीच पाजते, त्यामुळे लोक त्याला डॉक्टरपेक्षा जास्त मान देत. मला त्याने घेतलं ते ग्वेनसाठी. तिच्याशी त्याचं लग्न अजून ठरायचं होतं, आणि तिला अंगठीपेक्षा तारे आवडतात असं त्याच्या कानावर आलं होतं.

ते खरंच होतं. लग्नानंतर रोज संध्याकाळी चहाची भांडी धुऊन झाली की दोघं मला कुरणात आणत. ग्वेन दुधाचा क्रेट पालथा घालून त्यावर बसायची, कारण माझी डोळा लावायची जागा खाली, शेपटाकडे आहे. कीथ स्क्रू पिळायचा आणि ग्वेन शोधायची. कीथला आकाशात काही सापडत नसे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. चंद्र सोडला तर प्रत्येक गोष्ट त्याला तिनेच दाखवली. शेजारपाजारचे लोक शनीची कडी पाहायला यायचे आणि माझ्या नळीवर प्रेमाने थापटायचे. ते दिवस माझे होते.

मग ग्वेन मेंढ्यांच्या कुंपणावरून पडली. तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि हातात काठी आली. तरी ती यायची. आमच्याकडे दक्षिणेला आकाशात जो ढगासारखा पांढुरका ठिपका असतो ना, त्यात एक तेजोमेघ आहे. लोक त्याला कोळी म्हणतात. ग्वेनला तो पाहायची फार हौस. एका संध्याकाळी माझ्यातून पाहता पाहता ती म्हणाली, "इतकी वर्षं बघतेय, पण या कोळ्याला पाय काही फुटत नाहीत."

कीथने ते मनावर घेतलं. त्या दिवसानंतर त्याने मला शेडच्या कोपऱ्यात उभं केलं, ते तिथेच.

दर गुरुवारी तो गाडी काढून जाऊ लागला. पलीकडच्या गावात फ्रोसो नावाची एक ग्रीक बाई आहे. ती दुर्बिणी घडवते, त्याही आरशाच्या. एका मोठ्या पिंपावर जाडजूड काच ठेवायची, वर दुसरी काच घासायची आणि पिंपाभोवती चालत राहायचं, असं महिनोन् महिने केल्यावर म्हणे एक आरसा तयार होतो. हे सगळं कीथ शेडमध्ये शिट्टी वाजवत किटलीला सांगायचा. माझ्याकडे पाठ करून. मला किती मिरच्या झोंबल्या असतील याची कल्पना करा. त्यात एक लाल पाठीची कोळीण माझ्या टोपणाखाली बिऱ्हाड थाटून बसली. या घरात कोळ्यांनी माझा सूड घ्यायचं ठरवलं होतं.

एके दिवशी फ्रोसो स्वतः आली. दुर्बिणीच्या पेटीचं लाकूड कापण्याआधी ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची मोजते, ही तिची पद्धत. आरशाच्या दुर्बिणीला डोळा लावायचा तो वर, नळीच्या तोंडाजवळ, म्हणून ते माप आधी लागतं.

"बघणार कोण कोण?" तिने विचारलं.

"मी आणि ग्वेन."

"मग दोघांचंही माप द्या."

"ती आत चहासाठी स्कोन भाजतेय, आणि तिला यातलं काही कळता कामा नये," कीथ म्हणाला. "माझं घे. चाळीस वर्षं एकाच छपराखाली आहोत, तेवढं चालतंय."

"छपराचं माप नाही घेत मी," फ्रोसो म्हणाली. पण कीथ दाराच्या चौकटीला टेकून ताठ उभाच राहिला, बुटांसकट, आणि तिने पेन्सिलीची खूण केली. मी कोपऱ्यातून सगळं पाहत होते; ग्वेन त्याच्या खांद्यालाही लागत नाही, हेही मला ठाऊक होतं. मला तोंड नाही. असतं तरी मी ते मिटून ठेवलं असतं.

आणि शरद ऋतूत ती आली. माझी सवत! पिंपाएवढी जाड, चकचकीत, लाकडी पेटीत बसलेली. आत डोकावलं तर तळाशी आरसा, वर छोटा आरसा आणि मध्ये नुसती हवा. मोठं घर पोकळ वासा, दुसरं काय? कीथने तिच्यावरची चादर ज्या कौतुकाने ओढली, त्या कौतुकाने माझं टोपणही त्याने कधी काढलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

अंधार पडताच त्याने ग्वेनला बाहेर बोलावलं. बराच वेळ धडपडून त्याने नळी त्या पांढुरक्या ढगाकडे वळवली आणि मग शिडी आणली. ग्वेनने आधी शिडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कुणासाठी घडवली म्हणालास?"

"तुझ्यासाठीच. कोळ्याचे पाय बघायचे होते ना तुला?"

"मग माझे डोळे तिथे वर कधी गेले रे?"

"दोनच तर पायऱ्या आहेत. मी धरतो ना."

"गुडघ्यात लोखंड घातलंय माझ्या, स्प्रिंग नाही. तूच बघ बाबा. तुझ्याच मापाची आहे ती." असं म्हणून ती काठी टेकत आत गेली. तिचा आवाज जराही चढला नव्हता, म्हणूनच ते कीथला जास्त लागलं. गुरुवारी नवरा कुठे जात होता हे तिला आता कळलं होतं, आणि दुर्बीण त्याच्याच मापाची पाहून तिला वाटलं होतं की आकाश पाहताना आता ती सोबत नसली तरी त्याला चालतं.

मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. दुसऱ्या संध्याकाळी तर ग्वेनने स्वतः मला ओढत व्हरांड्यात आणलं, कोळिणीला झाडूने हाकललं आणि क्रेटवर बसून डोळा लावला. मी माझ्या भिंगातला सगळा जीव पणाला लावला. पण कोळी माझ्यात धुकट दिसतो तो दिसतोच. थोड्या वेळाने तिने मान वळवून कुरणात चादरीखाली उभ्या असलेल्या सवतीकडे पाहिलं. हात माझ्यावर आणि मन तिच्यावर. मित्रांनो, याहून जास्त मी आजवर कधी जळले नाही.

कीथने ते खिडकीतून पाहिलं. त्याने लगेच फ्रोसोला फोन केला. पेटी कापून बुटकी करता येईल का?

"नाही," ती म्हणाली. तिचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. "नळीचं बूड जमिनीला घासेल. मी तुम्हाला दोघांचं माप मागितलं होतं."

 सकाळी कीथने पहार आणि फावडं काढलं. आयुष्यभर त्याने पवनचक्क्यांखाली खड्डे खणले होते. दुर्बीण खाली येत नसेल तर जमीन खाली न्यायची, इतकं सोपं गणित. आमची जमीन दगडासारखी. त्याचा घाम आणि शिव्या दोन्ही ओघळत होते, आणि कुंपणावर बसलेले गुलाबी काकाकुवे त्याला हसत होते. मला वाटलं, बया कायमची पुरली जाणार. मी मनातल्या मनात फुलं वाहिली.

दुपारी त्याने ग्वेनला बोलावून क्रेटवर बसवलं आणि टेप काढली.

"हलू नकोस."

"हॅट काढू?"

"डोळे काय हॅटवर असतात?"

"नाही. पण हे तू आधी विचारायचं होतंस."

"तुला धक्का द्यायचा होता."

"दिलास की."

पण ती हलली नाही. त्याने दोनदा माप घेतलं आणि मग खड्डा आणखी थोडा खोल केला.

संध्याकाळी सवत खड्ड्यात उतरली. तिच्या डोळा लावायच्या जागेपुढे आता ग्वेन बसल्या बसल्या सहज आली. फक्त कोळी सापडेना. तिचा आरसा मोठा, पण आकाशाचा तुकडा दिसतो तो चिमूटभर. कीथने नळी इकडे ढकलली, तिकडे ढकलली. हाती काळोखच.

"सरक," ग्वेन म्हणाली. "आणि ती जुनी आण. तिच्यातून मला सगळं सापडतं."

ऐकलंत ना? कीथने मला तिन्ही पायांवरून उतरवलं आणि पवनचक्कीच्या पाइपांचे पट्टे आवळून थेट सवतीच्या पाठीवर बसवलं. माझ्या वजनाने ती पुढे कलली, तेव्हा तिच्या शेपटाला नटबोल्टांची पिशवी बांधावी लागली. माझ्यामुळे तिला ओझं वाहावं लागतं, हे मी मुद्दाम सांगतेय. माझं नाकही तिच्यापुढे हातभर आहे.

ग्वेनने आधी माझ्यातून पाहिलं, तो धुकट ठिपका अगदी मधोमध आणला आणि मग डोळा तिच्याकडे नेला. तो तिथेच चिकटला.

"काय गं?" कीथने विचारलं.

"पाय आहेत, कीथ."

"किती?"

"गप्प बस, मोजतेय."

तर मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या दुर्बिणीकडून एवढं ऐका. आमच्या काचेला बोट लावू नका, टोपण विसरू नका, टोपणाखालच्या कोळिणीला वेळीच हाकला. आणि कुणासाठी काही घडवून घ्यायचं असेल तर आधी त्या माणसाला समोर बसवून त्याच्या डोळ्यांचं माप घ्या, मग गुपित फुटलं तरी चालेल. सवत म्हणाल तर ती मला अजूनही आवडत नाही. पण रोज संध्याकाळी मी तिच्या पाठीवर बसते, ग्वेन क्रेटवर बसते, आणि आमच्यातून पाहायचं असेल तर कीथला गुडघे टेकावे लागतात.