एका घरात दोन मास्तर

कपडे बेतून कापणाऱ्याला शिलाईच्या कारखान्यात मास्तर म्हणतात. तो मास्तर होता, म्हणून सगळी गल्ली त्याच्या बायकोला मास्तरीण म्हणायची. ती स्वतः दुसऱ्या कारखान्यात कापड कापायची, त्याच्याहून सफाईनं, पण तिथे ती मदतनीस. आता एका नव्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी तिला बोलावलं होतं. पगार नवऱ्यापेक्षा जास्त.

सकाळी डबे भरता भरता तिने ते सांगितलं.

"काय म्हणून ठेवणार तुला?" त्याने विचारलं.

"मास्तर म्हणून."

त्याने हातातला डबा तिच्या तोंडावर मारला. ओठ फाटला, गरम भाजी गळ्यावरून ओघळली.

"एका घरात दोन मास्तर? मग मला काय म्हणतील, मास्तरणीचा नवरा?"

तो कामावर गेल्यावर सासूबाईंनी फडकं ओलं करून दिलं. लग्न झाल्या झाल्या सून डाव्या हाताने वाढायला गेली, तेव्हा याच सासूबाईंनी त्या हातावर उलथनं हाणलं होतं. तेव्हापासून या घरात सुनेचा उजवाच हात चालायचा.

"नाही म्हणून टाक बाई," त्या म्हणाल्या. "तो जरा तापट आहे, पण मनाचा वाईट नाही गं."

तापट! ओठ फाटला की तापट, बरगडी मोडली की जरा जास्तच तापट. आणि मालक चारचौघांत शिव्या घालतो तेव्हा हा तापटपणा कुठे शेपूट घालून बसतो, ते मात्र कुणी विचारत नाही.

दिवसभर तिच्या डोक्यात तेच. नाही म्हणावं, घर शांत राहील. संध्याकाळी तिने तेवढ्यासाठीच फोन हातात घेतला. मग तिला आठवलं, मागे त्याच्या सांगण्यावरून तिने शिवणाची शिकवणी घेणं सोडलं होतं. पुन्हा हात उचलणार नाही, असं त्याने आईच्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं. आणि त्याच आठवड्यात मीठ कमी पडलं म्हणून तिला भिंतीवर आपटलं होतं.

"बाई, मी सोमवारी येते," ती फोनवर म्हणाली.

तो दारातच उभा होता. त्याने तिला केसांना धरून ओढलं, तिचा उजवा हात चौकटीवर दाबला आणि दार आपटलं. ती किंचाळली. बोटं मोडल्याचा आवाज सासूबाईंनाही ऐकू गेला.

"हो आता मास्तर!" म्हणत त्याने पुन्हा आपटलं.

शेजारी टीव्हीचा आवाज वाढला.

दवाखान्यात सासूबाईच पुढे झाल्या. "दारात हात अडकला हो. वेंधळी आहे पहिल्यापासून."

"अडकला नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "नवऱ्याने धरून दार आपटलं. दोनदा. पोलिसांनाही हेच सांगणार आहे मी."

"गप बस!" सासूबाईंनी तिच्या दंडाला चिमटा काढला. "हात गेला, कपडे कापायचं काम गेलं. आता घर तरी राख."

डॉक्टरांनी विचारलं, "कात्री याच हातात धरता का?"

"नाही. मी डावखुरी आहे."

सासूबाई तिच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. मास्तराने नेमका उजवा हात मोडला होता, पण तो सासूबाईंनीच मारून शिकवलेला, फक्त घरात चालणारा. बायको कापते कशी, हे बघायला तो एकदाही गेला नव्हता.

ती त्या घरी परतलीच नाही, थेट बहिणीकडे गेली. तिथे सासरची भिंतीपलीकडची शेजारीण भेटायला आली आणि हळहळली, "अगं बाई! काय झालं गं हाताला, मास्तरीण?"

"ऐकलंत की सगळं. पोलिसांना सांगायला येता?"

शेजारीण चपला शोधायला लागली.

सोमवारी नव्या कारखान्यात कापड धरायला तिला एक माणूस दिला. तिचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. तिने डाव्या हातात कात्री घेतली आणि म्हणाली, "घट्ट धरा हं."

"धरलंय, मास्तर," तो म्हणाला.

शेजारीण साक्षीला गेली की नाही, ते मी सांगणार नाही. तुमच्या भिंतीपलीकडे दार आपटतं, तेव्हा तुम्ही काय करता, ते आधी सांगा.