बोटभर लांब साखळी

मित्रांनो, मी जमीन मोजायची एक जुनी साखळी आहे. शंभर कड्यांची, सहासष्ट फूट लांब. म्हणजे तेवढीच असायला हवी होती. सांगायला आजही लाज वाटते, पण मी बोटभर, म्हणजे बोटाच्या जाडीएवढी, जास्त लांब आहे.

लोहाराने घडवलं तेव्हा माझ्यात खोट नव्हती. सरकारी मोजणीदार फिनियास साहेबांनी मला या गवताळ माळावर आणलं. सहा मैल लांब, सहा मैल रुंद चौकोन आखायचा, त्याचे छत्तीस तुकडे पाडायचे, दर मैलाला कोपऱ्यावर दगड रोवायचा, की झाली टाउनशिप! ओढा असो की दलदल, माझी रेघ सरळच जाई. त्याचा मला भारी तोरा होता.

एकदा घोड्याचा पाय पडून माझी एक कडी तुटली. साखळी ओढणाऱ्या सायलसने तारेचं कडं घालून मला जोडलं. रोज सकाळी मला पेटीतल्या प्रमाण साखळीशी ताडून पाहायचा नियम होता.

"सायलस, ताडून पाहिलीस का रे?"

"बोटभर फरकानं काय आभाळ कोसळणार आहे, साहेब? बर्फ पडायच्या आत कोपरा गाठायचाय ना?"

साहेबांनी ढगांकडे पाहिलं आणि निघायला सांगितलं.

मैलाला ऐंशी साखळ्या. ऐंशी बोटं, म्हणजे दोन पावलं. दगड तेवढा उत्तरेला सरकून बसला. सिगरिडबाई मोजणीच्या आधीपासून तिथे राहत होत्या. त्यांचं घर त्यांच्याकडेच राहिलं, पण कोपऱ्यावरच्या ओकच्या झाडाखाली त्यांच्या ओले नावाच्या आठ महिन्यांच्या बाळाची कबर होती, ती दक्षिणेकडच्या शेजारी लोरेन्झच्या रानात गेली. त्या माउलीने दगडापासून कबरीपर्यंत चालून पाहिलं. दोनच पावलं भरली. मी सायलसच्या खांद्यावर लोंबकळत होते.

पुढे सायलस इथेच स्थायिक झाला. त्याने मला टाउनशिपच्या सभागृहात खिळ्याला टांगलं. वीस वर्षांनी, मार्चच्या वार्षिक सभेत, नव्या मोजणीदाराने मला सगळ्यांसमोर जमिनीवर ताणलं आणि शेजारी आपली पोलादी फीत अंथरली.

"ही बोटभर लांब आहे. ओकपाशी दोन पावलांची चूक झालीय."

"मग दगड सरकवा," सिगरिडबाई म्हणाल्या.

"नाही सरकवता येत, बाई. कायद्यानं पहिला रोवलेला दगडच खरा. चुकला असला तरी."

सायलसची मान खाली गेली. "ते कडं मीच घातलं होतं, बाई."

"आणि मी वीस वर्षं स्वतःलाच बोल लावत राहिले," त्या म्हणाल्या, "की पोराला भलत्या जागी पुरलं."

माझी कडी न् कडी शरमली. तेवढ्यात मागून लोरेन्झ खेकसला, "दगड सरकारचा असेल, नांगर माझा आहे! त्या झाडापाशी तो कधी सरळ गेलाय का, सांगा की!"

आता मी काचेच्या पेटीत असते. 'हिने आपली टाउनशिप मोजली,' असं शाळेतल्या शिक्षिका मुलांना कौतुकाने सांगतात, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मित्रांनो, मला तेल लावून चकचकीत करू नका. त्यापेक्षा तुम्ही काही जोडलंत, दुरुस्त केलंत, तर ते पुन्हा एकदा ताडून पाहा. घाई असली तरी पाहा. आणि इकडे आलात तर ओकपाशी जा. आता लोरेन्झची नात ट्रॅक्टर चालवते, पण तिथे नांगराचं तास अजून वळसा घेतं. अख्ख्या टाउनशिपमध्ये तेवढी एकच रेघ वाकडी आहे. मला विचाराल तर तेवढीच बरोबर आहे, आणि ती मी आखलेली नाही.