काळ तपासावा

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. कपाट आणि भिंत यांच्या सापटीत बसवलेला, अंगावर पिवळट डाग पडलेला. कागद धरायची माझी पट्टी मोडकी आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. दुकानातून मला एका लिफ्ट-मेकॅनिकने घरी आणले. "कॉलेजात लेक आहे आमची, तिच्यासाठी," असे त्यांनी दुकानदाराने न विचारताच सांगून टाकले.

लेक पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोचली आणि माझे खरे कामाचे दिवस सुरू झाले. तिला प्रबंध लिहायचा होता. पहिला आराखडा मी छापला तेव्हा विषय होता 'शहरातला एकटेपणा'. मार्गदर्शक मॅडमनी तो परत पाठवला. आभाळाएवढा आहे, वर्षात मावेल एवढा कर, म्हणाल्या. ती कापत गेली, मी छापत गेलो. शेवटी एकच प्रश्न उरला: लिफ्ट बंद पडून अडकलेली माणसे एकमेकांशी काय बोलतात?

बाबांना हा विषय भलताच आवडला. पण ते त्याला प्रबंध म्हणत नसत. "काय, प्रतिबंध कुठवर आला?" असे विचारत. कारण त्या खोलीत टीव्हीला, पाहुण्यांना, मोठ्याने शिंकायलासुद्धा बंदी होती.

शेवटचा साधा दिवस मला स्वच्छ आठवतो. सकाळी तिने त्यांना स्टुलावर बसवून मुलाखत घेतली.

"आधी सगळे बटणं दाबत सुटतात," ते म्हणाले. "मग त्यांच्यातला एक पुढारी होतो. उरलेले मला शिव्या घालतात. मी वरून ओरडतो, घाला, पण हळू घाला, हवा पुरवून वापरा!"

"बाबा, हे लिहू मी?"

"लिही की. नाव तेवढं घालू नकोस. शिव्या घालणारे घरी येतील."

नावे न देण्याचा नियमच होता. तिने लिहिले, 'मेकॅनिक क्रमांक एक सांगतात की...' शाई ओली असतानाच त्यांनी ते पान उचलले. "क्रमांक एक! ऐकलंस का गं?" असे आईला ओरडून सांगितले आणि कामावर गेले.

ते परत आले नाहीत. कामावरच हृदय थांबले, एवढे मला घरी आलेल्या माणसांच्या बोलण्यातून कळले.

सगळे म्हणत, ते गेले. ती म्हणत नसे. फोनवर कुणी त्यांची चौकशी केली, तर "ते घरी नाहीत" एवढेच सांगे. कॉलेजात तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. दार लावून बसे. आई बाहेरून विचारी, "होतंय का गं?" आतून उत्तर येई, "होतंय." प्रत्यक्षात एक ओळ होत नव्हती, हे मला ठाऊक होते.

मित्रांनो, प्रिंटर फार दिवस बंद ठेवू नये. शाई आतल्या आत सुकते, बारीक भोके बुजतात, आणि पुढे कितीही धडपड केली तरी कागद कोराच बाहेर येतो. अधूनमधून एखादे पान छापत जा. एवढे माझ्यासाठी करा.

प्रबंध द्यायची तारीख अंगावर आली तेव्हा तिने मला पुसून सुरू केले. मॅडमकडून प्रकरण लाल शेरे घेऊन परत आले. क्रमांक एकच्या पानावर शेरा होता: 'काळ तपासावा. मुलाखत होऊन गेली आहे. "सांगितले" असे हवे.' तिने बाकीच्या सगळ्यांचा काळ बदलला. क्रमांक दोनने सांगितले, रहिवाशांनी सांगितले. क्रमांक एक मात्र सांगतच राहिले. पान पुन्हा गेले, पुन्हा परत आले. एकदा तिने तो शब्द नुसताच काढून पान छापले. वाक्य क्रियापदावाचून लोंबकळत राहिले. तिने ते फाडले.

मग मॅडमचा फोन आला. स्पीकर लावून तिने तो माझ्या डोक्यावर ठेवला.

"अगं, एका शब्दासाठी माझी सही अडलीये. उद्या शेवटचा दिवस. सगळ्यांचा काळ बदललास, याच माणसाचा का नाही? हट्ट आहे का काही?"

आई हातातले काम टाकून दाराशी येऊन उभी राहिली.

"हॅलो? आहेस ना?"

"आहे." तिने माझी मोडकी पट्टी घट्ट धरली होती. "मॅडम, क्रमांक एक म्हणजे माझे बाबा."

"बरं, मग त्यांनाच विचार ना, 'सांगितले' लिहिलं तर चालेल का."

"नाही विचारता येत," ती म्हणाली. "माझे बाबा गेले, मॅडम."