दोन हिवाळे थांबलेली खोली

माझ्या पूर्वेकडच्या खिडकीच्या काचेवर, खालच्या डाव्या कोपऱ्यात, रोज पहाटे एक थेंब तयार होतो. आधी काच नुसती धुरकट होते. मग त्या धुरकटपणात बारीक ठिपके दिसू लागतात, शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि त्यातला एखादा मोहरीच्या दाण्याएवढा झाला की त्याला स्वतःचे वजन पेलवत नाही. तो घसरतो, वाटेत भेटतील त्यांना बरोबर घेतो आणि चौकटीच्या लाकडाशी येऊन थांबतो. फार वेळ नाही. काच आणि लाकूड यांच्यामधल्या फटीतून तो आत, भिंतीच्या पोटात जातो. तो पावसाचा थेंब नसतो. माझ्यात झोपलेल्या तीन माणसांच्या श्वासाचा असतो.

मित्रांनो, मी एक जुनी, चाकांवरची लाकडी खोली आहे. कोणी मला गाडी म्हणते, कोणी कॅराव्हॅन. ठमी मला 'डबा' म्हणते. ती आठ वर्षांची आहे आणि याच खिडकीखाली झोपते.

मला ठमीच्या काकाने घडवले. घरात त्याला थोरला म्हणतात आणि ठमीच्या बाबांना धाकटा. थोरला तेव्हा नुकताच सुतारकाम शिकून आला होता आणि त्याच्या हातांना चैन पडत नव्हती. त्याने भंगारात निघालेला एक चाकांचा गाडा आणला आणि त्यावर माझा सांगाडा उभा केला. एका लाकडाची जीभ दुसऱ्या लाकडाच्या खाचेत, आणि दोघांच्या आरपार एक खुंटी. कुठेही खिळा नाही. आतल्या आणि बाहेरच्या फळ्यांमध्ये त्याने लोकर भरली. पुष्कळ भरली, असे तेव्हा सगळ्यांनाच वाटले.

सुट्ट्या लागल्या की दोघे भाऊ मला गाडीमागे जोडत आणि आम्ही नदीकाठाने, माळांवरून, कुठे कुठे जात असू. उन्हाळ्याचे दिवस असत. फळ्यांमधून वाऱ्याची झुळूक आली की धाकटा पडल्या पडल्या म्हणे, "दादा, पंखा लावलास का रे?"

"फुकटचा आहे, खा," थोरला म्हणे.

वाटेत लोक थांबून माझ्या सांध्यांवरून बोट फिरवत. काहीजण नख घालून बघत. नख आत जात नसे. त्या दिवसांत मला वाटे की जगात माझ्याइतके नीट जोडलेले दुसरे काही नाही.

मग भाऊ मोठे झाले. थोरल्याने लाकडी घरे बांधण्याचा कारखानावजा गाळा काढला आणि मी त्याच्या मागच्या बाजूला उभी राहिले. छतावर भुसा साठला, चाकातली हवा गेली, एका मांजरीची सगळी बाळंतपणे माझ्यातच झाली. वर्षानुवर्षे कोणी दार उघडले नाही. मी वाट बघत होते असे म्हटले तर ते खोटे होईल. वाट बघायलाही थोडी आशा लागते.

आणि एके दिवशी धाकट्याने गावाबाहेर उतारावर एक जागा घेतली. तिथे त्याला स्वतःचे घर बांधायचे होते. असे घर, जे आतली ऊब आतच धरून ठेवील आणि फार जळण मागणार नाही. भाड्याची जागा सोडून तिघे माझ्यात राहायला आले. थोरल्याने मला ओढून इथे आणले, चाकांखाली विटा लावल्या आणि हात झटकत म्हणाला, "चार महिन्यांचा तर प्रश्न आहे."

त्याला आता दोन हिवाळे झाले.

घर जिथे होणार तिथे जमिनीत खुंट्या ठोकून दोऱ्या बांधल्या आहेत. रोज सकाळी ठमीचे बाबा तोंडात ब्रश धरून त्या दोऱ्यांच्या आत फिरतात. स्वयंपाकघरातून बैठकीत जायचे तर ते दाराच्या जागेवरूनच जातात. भिंतीच्या जागेवर पाय पडू देत नाहीत. मध्येच एक खुंटी उपटून वीतभर पुढे ठोकतात. संध्याकाळी तीच खुंटी पुन्हा मागे येते. खालच्या रस्त्याने मोठी वाहने गेली की विटांवर टेकलेली माझी चाकेही शिवशिवतात. आम्ही दोघे सारखेच, एका जागी उभे आणि एका जागी न ठरणारे.

काम अडले होते ते सांगाड्यावर. अशा घराच्या भिंती म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यात भरलेला उबेचा थर. तो कोण बनवून देणार हे ठरल्याशिवाय पायासुद्धा घालता येत नाही, कारण ज्याचा सांगाडा त्याच्या मापाचा पाया.

ठमीची आई पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. ती कमी बोलते. सांगाडा विकायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने एकच प्रश्न विचारायचे ठरवले होते.

पहिला आला तो फार गोड बोलणारा. त्याने भिंतीचा एक तुकडा आणला होता, केक कापावा तसा कापलेला. लाकूड, थर, पडदा, पुन्हा लाकूड.

"ताई, डोळे मिटून घ्या आमचा माल."

"डोळे मिटले तर दिसणार कसा?" आई म्हणाली आणि तिने तिचा प्रश्न विचारला. "घर उभं राहिल्यावर दाराला मोठा पंखा लावून आतली हवा खेचतात आणि फटींतून किती वारा शिरतो ते मोजतात. त्या दिवशी तुमचं कुणी हजर राहील?"

"ताई, आमच्या घरांवर ती वेळच येत नाही हो!"

आईने त्याला चहा दिला. तो केकसारखा तुकडा त्या दिवसापासून माझे दार आपटू नये म्हणून खाली अडसर म्हणून लागतो.

दुसरी आली ती दूरच्या कारखान्यातली बाई. तिच्या बुटांना चिखल होता. ती दोऱ्या ओलांडून सरळ भिंतींतूनच चालत गेली तेव्हा बाबांच्या चेहऱ्यावर कळ उमटली. प्रश्न ऐकून ती म्हणाली, "मी स्वतः हजर राहीन. ठरल्यापेक्षा जास्त वारा आला तर फट शोधून बुजवल्याशिवाय आमची माणसं हलणार नाहीत. पण पाया तुमचा. तो नखाएवढा जरी वर-खाली निघाला तर मी ट्रक न उतरवता परत नेईन."

"फारच कडक आहात हो तुम्ही," बाबा म्हणाले.

"आज एकदाच शिव्या घाला साहेब. नाहीतर पुढे दर हिवाळ्यात घालाल." जाताना तिने सांगितले, की महिनाअखेरीपर्यंत होकार आला तर पुढच्या थंडीच्या आत घर झाकून होईल. नाहीतर नंबर थेट पुढच्या वर्षी.

तिसऱ्याला कोणी बोलावले नव्हते, कारण त्याला बोलवायची गरजच नव्हती. हे काम आपलेच, असे थोरला धरूनच चालला होता. त्याच्या गाळ्यात छपराखाली जाड तुळया रचलेल्या होत्या आणि त्यांना तो 'धाकट्याचं घर' असेच म्हणे. दर रविवारी तो यायचा, पायरीवर बसायचा. "सुकतायत अजून. लाकडाला घाई चालत नाही."

आईने त्यालाही तोच प्रश्न विचारला. तो खदखदून हसला.

"शास्त्रज्ञीणबाई, घर बांधायचंय की प्रेशर कुकर? अगं, लाकूड श्वास घेतं. घेऊ दे की त्याला."

"लाकूड नाही घेत, भाऊजी," आई म्हणाली. "श्वास आम्ही घेतो."

सगळे हसले. ठमीला हसता हसता खोकला आला. हसणे संपले तरी खोकला संपला नाही.

तो खोकला पहिल्या हिवाळ्यात सुरू झाला होता. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकले आणि विचारले, "झोपते कुठे?" त्यानंतर आईने माझ्या भिंतीवर एक छोटे यंत्र टांगले. हवेत ओल किती आहे ते त्यावर दिसते. ती सकाळी त्याकडे बघते आणि खिडकी पुसते.

"तू भाऊजींना सांगितलंस का, त्या कारखान्याच्या बाईंचं?" ती बाबांना विचारी.

"सांगतो ना. रविवारी."

"कोणत्या?"

बाबा खुंटीकडे बघत. "माझे वडील गेल्यावर दादानं मला वाढवलंय गं. त्याच्या धंद्यातलं काम, आणि मी दुसऱ्याला देऊ?"

मित्रांनो, माझी अवस्था विचारू नका. ज्या हातांनी मला घडवले त्यांच्याविरुद्ध माझ्या मनात शब्द येत नाही. पण ठमीची पाठ रात्रभर माझ्याच भिंतीला टेकलेली असते, आणि तिच्या छातीतली घरघर माझ्या फळ्यांना आधी कळते.

त्या दिवसांत ठमीचा एक लाल मोजा हरवला. आईने गादी उचलून पाहिली, भांडी हलवून पाहिली. "एवढ्याशा डब्यात मोजा हरवतो कसा?" ठमी खिडकीबाहेर बघत राहिली. मला ठाऊक होते. पण खोल्यांना कोण विचारतो?

महिना संपत आला. शेवटच्या रविवारी थोरला आला तेव्हा ठमी पांघरुणातच होती. तिचा खोकला ऐकून तो पायरीवर बसला नाही. गाडीतून हत्यारांची पिशवी घेऊन आला. "ही खिडकी आज नीट करून टाकतो. वारा लागतोय पोरीला."

त्याने खिडकीखालची फळी काढली. इतक्या वर्षांनी त्याचे हात माझ्या आत आले होते. सांधा त्याने लगेच ओळखला. लाकडाची जीभ खाचेत होती तशीच घट्ट होती. त्याने सवयीने नख लावून पाहिले, नख गेले नाही. पण सांध्याच्या सभोवतालचे लाकूड काळे पडले होते. अंगठा दाबला तसा तो भिजलेल्या पावात रुतावा तसा रुतला. लोकर भिजून, जड होऊन तळाशी बसली होती आणि वरचा अर्धा भाग रिकामा होता. त्या रिकाम्या जागेत, बाहेरच्या दोन फळ्यांच्या मध्ये, काहीतरी लाल कोंबलेले होते.

त्याने दोन बोटांनी ते ओढून काढले. त्यातून पाणी ठिबकले.

"हा कुणाचा?"

"माझा," ठमी म्हणाली. "तिथून वारा यायचा ना, म्हणून मी बाहेरून त्याच्या तोंडात कोंबला."

"मग? थांबला?"

"थोडासा. मग तो बाजूनं यायला लागला."

थोरल्याने त्या फटीवर तळहात धरला. बराच वेळ धरला. मग कोणाकडेही न बघता म्हणाला, "मी हिला उन्हाळ्यासाठी केली होती." ते तो माझ्याशी बोलला असे मला वाटते. मला हो म्हणायचे होते. मी उन्हाळ्यासाठीच होते, आणि त्या उन्हाळ्यांत माझ्यात काही कमी नव्हते.

आई जवळच उभी होती. भिंतीवरच्या यंत्राकडे तिने बोट दाखवले नाही. तिने ठमीच्या अंगावर शाल टाकली.

मित्रांनो, तुमच्या खिडकीवर कधी असा थेंब दिसला, तर तो पुसून मोकळे होऊ नका. तो कुठून आला आणि कुठे जातो ते बघा. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या भिंतीची फळी वेळेवर काढून बघणे, हीसुद्धा तिची काळजी घेणेच आहे. आणि भिंतीला जसे पोट असते तसे माणसांनाही असते. तिथे अडून राहिलेले दोन शब्द कोणाच्या तरी छातीत उतरतात.

थोरल्याने मोजा दाराबाहेर धरून पिळला. मग खाली वाकून दाराच्या अडसराकडे बघितले.

"हा भिंतीचा तुकडा कुणाचा रे?"

बाबा खाटेच्या कडेवर टेकले.

"आणि चिखलाचे बूट घालून एक बाई येऊन गेली, ते मला वखारीत कळलं. तुझ्याकडून नाही."

"दादा, मी सांगणारच होतो..."

"कधी? लाकडं सुकल्यावर?" थोरला वळला. "दर रविवारी मी काय तुझ्या पाणचट चहासाठी येतो होय रे? तू बोलशील म्हणून येतो. दारातनं तुझं तोंड बघतो, आणि मग मीच काहीतरी लाकडांचं बोलून जातो."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटणारच! आत्ताही वाटतंय. त्यानं काय होतंय?" त्याचा आवाज चढला आणि ठमीकडे लक्ष जाताच उतरला. "माझं लाकूड थांबेल. टेबलं करीन त्याची, पलंग करीन. ही पोर किती थांबणार?"

बाबा खाटेच्या कडेवर बसले होते. "मग तूच सांग ना दादा, काय करू."

"अजिबात नाही," थोरला म्हणाला. "ते मी म्हणणार नाही. घर तुझं आहे. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

खिडकीतून बाहेरच्या दोऱ्या दिसत होत्या. बाबा उठले. माझ्या छताला डोके लागते म्हणून दोन वर्षे ते माझ्यात वाकूनच उभे राहत आले होते. आताही वाकूनच होते. पण त्यांनी मान वर केली, भावाच्या हातातल्या ओल्या लाल मोज्याकडे पाहिले, मग त्याच्या डोळ्यांत पाहिले.

"दादा, घराचा सांगाडा मी त्या बाईंच्या कारखान्याकडून घेतोय. तुझ्याकडून नाही."