अठरा फुटी रस्ता

"पुरा मार. पुरा मार ना बाप्पा, भेऊ नको. आता सोड... थांब."

बाबा रस्त्याच्या मधोमध नुसत्या मोज्यांवर उभे होते आणि कचऱ्याच्या लॉरीच्या ड्रायव्हरला चक्क वऱ्हाडीत सांगत होते. तो पन्नाशीचा आयरिश गडी घामाघूम होऊन त्यांच्या हाताकडे बघत स्टिअरिंग फिरवत होता. लॉरी कोपऱ्यावर अडकली होती. तिच्या मागे निळे दिवे लुकलुकवत अँब्युलन्स उभी होती. अँब्युलन्स ब्रीडासाठी आली होती. गल्लीच्या शेवटच्या घरातली ब्रीडा, वय एक्याऐंशी, फुप्फुसं थकलेली.

अभिजित ऑफिसची मीटिंग अर्धवट टाकून धावत खाली आला होता, तो बाबांचे बूट हातात घेऊन फाटकाशी उभा राहिला. आयर्लंडमधल्या स्लायगो गावच्या नोव्हेंबरातल्या थंडीत सत्तर वर्षांच्या माणसाने मोज्यांवर रस्त्यात उतरणं बरं नव्हे, एवढंच त्याला त्या क्षणी सुचलं. मदत काय करायची ते काही सुचलं नाही.

दोनदा मागे, दोनदा पुढे. तिसऱ्यांदा लॉरीची शेपटी कोपऱ्यावरच्या घरातल्या डेक्लनच्या फाटकाच्या खांबाला खरवडत कोपऱ्यातून सुटली. बाबांनी ती पुढच्या एका रिकाम्या ड्राइव्हवेत घुसवली आणि अँब्युलन्सला वाट करून दिली. सगळं मिळून सात मिनिटं लागली. ब्रीडाला ऑक्सिजन लावून नेलं, आणि दहाव्या दिवशी ती घरी परत आली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाच्या जिवाला घोर नको.

बाबा फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले होते. मग विमानं बंद झाली, आणि विमानं सुरू झाली तेव्हा डॉक्टर असलेल्या सुनेने, शर्वाणीने, त्यांना सोडलं नाही. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं आगीचा बंब चालवलेला हा माणूस इथे काय करणार? सकाळी फिरायला जायचा आणि रस्ते मोजायचा. परत आला की चहा घेता घेता सांगायचा, "तुह्या गल्लीतून बंब जाईन, पन कोपऱ्यावर फसन." शर्वाणी हसायची. अभिजित मान डोलावून लॅपटॉपकडे वळायचा.

ऑक्टोबरात गल्लीच्या टोकाच्या भिंतीवर नोटीस लागली. भिंतीपलीकडच्या शेतात बहात्तर घरं होणार होती. भिंत फोडून त्या सगळ्यांची वाट याच गल्लीतून जाणार होती. बिल्डरच्या माणसांनी वर्दळ मोजली होती, तीही भर लॉकडाऊनमध्ये, तेव्हा कुणाची गाडी घराबाहेरच पडत नव्हती. त्यामुळे वर्दळ नगण्य, असं कागदावर आलं. गाड्या जात-येत नव्हत्या हे खरं, पण दिवसभर दोन्ही बाजूंना उभ्या होत्या, हे कुणी लिहिलं नव्हतं. अभिजितची केतकी आणि गल्लीतली इतर मुलं त्या गाड्यांच्या मधून सायकली चालवायची.

अभिजितला हरकत घेणं जरा जिवावरच आलं होतं. घरं तर हवीच होती. त्याचा मित्र पियूष तीन वर्षं घर शोधून थकला होता. पण बाबांनी एका वाक्यात निकाल लावला होता, "घरं बांधा ना, कोन नाही म्हनते? वाट दुसरीकून काढा."

लॉरीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डेक्लन फाटकापाशी आला. हा शाळेत भूगोल शिकवायचा आणि हरकतीचं सगळं काम त्यानेच अंगावर घेतलं होतं. सहा फूट अंतर राखून त्याने फोन पुढे केला. वरच्या खिडकीतून काढलेला फोटो होता: आडवी अडकलेली लॉरी, मागे अँब्युलन्स, खांबावरचा ओरखडा, आणि काचेतून स्वच्छ दिसणारा ड्रायव्हरचा घाबरा चेहरा. नंबर प्लेटसुद्धा.

"याच्यापुढे कौन्सिल काय बोलणार?" डेक्लन खुशीत होता. "हा फोटो आणि मिस्टर बाबांचं पत्र. फायर इंजिनच्या ड्रायव्हरचा शब्द म्हणजे ग्रँड काम होईल."

अभिजितने मराठीत सांगितलं. बाबांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला.

"पत्र देतो म्हनाव. फोटो लावू नको."

"बाबा, अहो, हाच तर पुरावा आहे."

"त्या मानसाचं तोंड दिसून रायलं ना त्याच्यात. मालक पाह्यन. खांब खरवडला, अँब्युलन्स अडवली. नाव कोनाचं येईन? रस्त्याचं?"

"त्याची चूक नव्हती, हे सगळ्यांनी पाहिलंय."

"माह्यीबी नव्हती. तेबी सगळ्याईनं पाह्यलं होतं."

बाबा आत निघून गेले. डेक्लनला काही कळलं नाही. उद्या बोलू, असं सांगून अभिजित आत आला. बाबा स्वयंपाकघरात उभे राहून चहाचं पाणी ठेवत होते आणि पाठ फिरवूनच बोलले.

"चौऱ्यान्नव साल. बाजारातल्या गल्लीत आग लागली. दुकानवाल्यानं पालिकेची परवानगी काढून ओटा चार फूट पुढे घेतला होता. बंब फसला. माह्या बंबावरचा बाळू पाइप घेऊन धावला, पन पाइप पुरला नाही. वरच्या माळ्यावर लीलावती होती, कपडे शिवे ते. गेली. चौकशी झाली. ज्या साहेबानं ओट्याले परवानगी देल्ली, त्याच साहेबानं लिवलं, चालकाच्या हलगर्जीमुळे. चार महिने निलंबित होतो मी."

"चार महिने," अभिजित म्हणाला.

तो तेव्हा चौथीत होता. ते चार महिने त्याला पाठ होते. बाबा घरी असायचे. रोज शाळेबाहेर सायकल घेऊन उभे राहायचे. येताना पेरूच्या बागेत थांबायचे. बाबांनी त्याला धरणावर पोहायला शिकवलं, पतंगाचा मांजा सुतवला, आणि सबंध उन्हाळ्यात ते एकदाही रागावले नाहीत. पुण्यात इंजिनीअरिंगला असताना, इथे पहिल्या हिवाळ्यात एकटा असताना, त्याने तेच दिवस पुन्हा पुन्हा आठवले होते. मित्रांना तो सांगत फिरायचा, आमच्या बाबांना मोठी सुट्टी मिळाली होती. आई त्या दिवसांत फारशी बोलत नसे, भाजीला तेल कमी असे, हेही त्याला आठवत होतं. पण ते त्याने कधी एकत्र जुळवून पाहिलं नव्हतं. पस्तीस वर्षांच्या अभिजितला स्वतःची लाज वाटली.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू खूश होता. कायले सांगू?" बाबांनी गाळणं उचललं. "मीबी होतो, खोटं नाही सांगत. पन सेवापुस्तकात तो शेरा रायला. पोहताना, खाताना, झोपताना ध्यानात असे."

दुसऱ्या दिवशी अभिजितने डेक्लनला बाबांची गोष्ट सांगितली. डेक्लन म्हणाला, "ठीक आहे, फोटो राहू दे." त्याऐवजी दोघांनी फीत घेऊन सगळी गल्ली मोजली. बाबा पावलांनी पुढे, हे दोघे फीत घेऊन मागे. रस्ता अठरा फूट. दोन्हीकडच्या गाड्या थोड्या फुटपाथवर चढवल्या तरी मधे साडेनऊ. बाबांचा अंदाज साडेनऊचाच होता.

पुढे मार्चात कौन्सिलने बिल्डरचा अर्ज नाकारला आणि वाट पलीकडच्या मोठ्या रस्त्यावरून दाखवून नवा अर्ज करायला सांगितलं. ब्रीडाने बाबांना घरचा ब्राऊन ब्रेड पाठवला. पण पत्र लिहिलं त्या रात्री यातलं काहीच ठाऊक नव्हतं. फोटो नसल्यामुळे हरकत टिकणार की नाही, या काळजीत अभिजित टाइप करत होता. एकेक वाक्य इंग्रजीत लिहायचं आणि मराठीत वाचून दाखवायचं. बाबा ऐकत होते, मापं दुरुस्त करत होते. शेवटची दोन वाक्यं अभिजितने त्यांना न विचारता लिहिली.

"या घटनेत चालकाने शक्य होतं ते सगळं केलं. दोष रस्त्याचा आहे, चालकाचा नाही."

बाबा स्क्रीनकडे वाकले.

"बरोबर आहे ना?"

"आखीन एक खेप वाच. हळू."

अभिजितने हळू वाचलं. बाबांनी मान खाली घालून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं. मग प्रिंटरमधून आलेला कागद त्यांनी टेबलावर हाताने सपाट केला आणि देवनागरीत, एकेक अक्षर सुटं काढत सही केली. खाली हुद्दा लिहायला जागा होती.

"निवृत्त लिहायचं का?" अभिजितने विचारलं.

"नको," बाबा म्हणाले आणि लिहिलं, ड्रायव्हर.