मीठ आत, रंग वर

मी एक जुनी व्हॅनिटी व्हॅन आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते: मी भंगार नाही. ज्याला तसं वाटत असेल त्यानं मुंबईत समुद्रकाठच्या मढला यावं, माझ्या पायरीसमोर उभं राहावं आणि माझ्या तोंडावर बोलून दाखवावं. बघूच किती हिंमत आहे ती.

व्हॅनिटी व्हॅन म्हणजे काय, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक नसेल. मी म्हणजे चाकांवरचं घर. सिनेमांचं, मालिकांचं शूटिंग जिथे असेल तिथे मी जाऊन उभी राहते. माझ्या पोटात बसायला कोच आहे, भोवती दिवे लावलेला मोठा आरसा आहे, पंखा आहे, पाण्याची टाकी आहे आणि अगदी मागे छोटंसं टॉयलेट आहे. कलाकारांनी आत यावं, तोंड रंगवावं, कपडे बदलावेत, घटकाभर पाठ टेकावी, एवढ्यासाठी माझा जन्म.

तरुणपणी माझा थाट काय वर्णावा! दारावर सोनेरी अक्षरांत पाटी होती, ‘फक्त मुख्य कलाकारांसाठी’. मोठमोठे नट माझ्या आरशात स्वतःला बघून खूश व्हायचे. मीही फुगायचे. पुढे माझ्याहून लांब, माझ्याहून गार गाड्या आल्या आणि माझ्या मालकानं मला अंधेरीतल्या एका गॅरेजमागे नेऊन उभं केलं. कामापुरता मामा! माझ्या टपावर कावळ्यांनी घरटं केलं. कुत्री माझ्या सावलीत झोपू लागली. त्यांचा मला राग नाही, निदान ती रोज यायची तरी.

तिथून मला उचललं सुलक्षणानं.

सुलक्षणा ही हेअरड्रेसर. मूळ गाव देवगडकडचं, वडील गिरणीत होते, राहायला बोरिवली. नायिकांचे अंबाडे घालण्यात तिचं अर्धं आयुष्य माझ्यासारख्या गाड्यांमध्ये गेलं. पण अंबाडा घालून झाला की तिनं खाली उतरायचं, असा नियम. माझं टॉयलेट तिच्यासाठी नव्हतं. लग्नाच्या, बाजाराच्या प्रसंगात मागे गर्दी म्हणून उभ्या राहणाऱ्या ज्युनियर आर्टिस्ट बायकांसाठीही नव्हतं. मढच्या बंगल्यांमध्ये शूटिंग असलं की या बायका मागच्या भिंतीपलीकडे झुडपात जायच्या, एकीनं साडी आडवी धरायची. बहुतेक जणींनी तर वेगळाच उपाय काढला होता. सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. मढच्या उन्हात, भरजरी साड्या नेसून, पाण्याचा घोट नाही! एकदा चंपा नावाची बाई वरातीत नाचता नाचता चक्कर येऊन पडली, तेव्हा सुलक्षणानं ठरवलं की आता बास.

तिनं मला विकत घेतलं आणि पहिलं काम काय केलं असेल? स्क्रू ड्रायव्हर घेऊन ती सोनेरी पाटी काढली. तिच्या जागी स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘बायकांसाठी. चपला बाहेर काढा.’ मग जड गाडीचं लायसन काढून मला स्वतः चालवत मढला घेऊन आली. शूटिंगच्या बंगल्याच्या फाटकाशी तिथला एक जण हसला. सुलक्षणानं असा हॉर्न वाजवला की त्याच्या हातातला चहा सांडला. त्या दिवसापासून मी तिची झाले, मित्रांनो. पूर्वी मी नटांना बाळगत होते, आता माणसं सांभाळू लागले.

पण मढचा वारा खारा. तो दारातून येत नाही, खालून येतो. माझ्या पोटाखाली जे लोखंडी दांडे आहेत, ज्यावर माझं सगळं ओझं पेललेलं आहे, तिथे मीठ चिकटतं. वाळू चिकटते. टॉयलेट धुतलेलं पाणी ठिबकतं. हळूहळू लोखंड फुगतं, पापुद्रे सुटतात, आणि एक दिवस तिथे लोखंड उरतच नाही.

सुलक्षणाला माझी काळजी नव्हती असं कोणी म्हणेल तर मी त्याच्या पायावरून चाक नेईन. उलट तिचं प्रेमच जास्त. दरवर्षी दसऱ्याच्या आधी ती गोणपाट अंथरून माझ्याखाली शिरायची आणि सगळ्या लोखंडाला काळाभोर रंग फासायची. शेजारणी म्हणायच्या, “अगं, खालून कोण बघतंय?” ती माझ्यावर थाप मारून म्हणायची, “ही बघते ना!” मग दसऱ्याला माझ्या पायरीवर नारळ फोडायची, त्याचं पाणी चाकांवर शिंपडायची, हळदकुंकू, झेंडूची माळ. मी नव्या नवरीसारखी दिसायचे.

पण धुवायचं राहून जायचं हो! मीठ, वाळू, गंज, सगळं होतं तसंच आणि त्याच्यावर रंग. मीठ आत, रंग वर. वर्षानुवर्षं. मला आतून खाज सुटायची, पण मला जीभ कुठे आहे?

मग माझे चाळे सुरू झाले. डावा सिग्नल दिला की आतला पंखा मंद व्हायचा. ब्रेक दाबला की आरशाचे दिवे लुकलुकायचे. पाण्याचा पंप लावला की सगळंच मान टाकायचं. बायका म्हणाल्या, गाडीला बाहेरचं काहीतरी लागलंय. एकीनं लिंबू-मिरची आणून बांधली, दुसरीनं दृष्ट काढली. सुलक्षणा माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवून विचारायची, “काय झाला गो तुका?” ती माझ्याशी मालवणीतच बोलते, बाकी जगाशी मुंबईचं.

अंधेरीत साकीनाक्याला कुंडलिक मिस्त्रींचं गॅरेज आहे. गाड्यांच्या वायरिंगचं काम ते करतात. भला माणूस, पण हट्टी. आधी म्हणाले, बॅटरी गेली. नवी बॅटरी बसवली. मी दोन-चार फेऱ्या नीट चालले नि परत आपलं तेच. मग म्हणाले, उंदरांनी वायरी कुरतडल्या. वायरी बदलल्या. तरी तेच. दुखणं म्हशीला नि औषध पखालीला! मी आतल्या आत ओरडत होते, “अहो, वर काय शोधताय, खाली वाका!” पण खाली सगळं काळंभोर, चकचकीत. तिथे दुखणं असेल असं कोणाला वाटणार?

आणि मग तो दिवस आला. चंपा माझ्या टॉयलेटमध्ये होती, तिनं पंप लावला आणि माझे सगळे दिवे गेले. पाणी बंद. अंधारात तिला कडी सापडेना. बाहेर रांग, आत चंपा दार बडवतेय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

केयूर नावाचा तिथला प्रॉडक्शन मॅनेजर धावत आला. “सुलक्षणाताई, बास झालं यार. दसऱ्यानंतर लग्नाचा मोठा सीन आहे, पन्नास बायका असतील. तेव्हा ही बंद पडली तर मला परवडणार नाही. हिला भंगारात घाला.”

“आणि बायकांनी काय करायचं?”

“बघू ना, करू काहीतरी.”

ते ‘काहीतरी’ म्हणजे मागचं झुडूप, हे तिथल्या प्रत्येक बाईला कळलं. चंपानं हातातली पाण्याची बाटली मुकाट्यानं पिशवीत ठेवून दिली. ते मी पाहिलं, आणि त्याच क्षणी ठरवलं की मी मरणार नाही. मरेन तेव्हा मरेन, पण या केयूरच्या सांगण्यावरून नक्कीच नाही!

सुलक्षणानं मला तसंच साकीनाक्याला नेलं. “कुंडलिकभाऊ, आता शेवटचं. हिचं काय ते शोधा, नाहीतर सरळ सांगा.”

कुंडलिक मिस्त्रींनी एक जाड वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं माझ्या दाराच्या उघड्या बिजागरीला टेकवलं. आणि काय सांगू! आरसा लखलखला, पंखा गरगरला, पंप असा जोरात धावला की नळातून पाण्याची चिळकांडी उडाली.

“अरे तिच्या!” मिस्त्री कपाळावर हात मारून म्हणाले. “ताई, करंट जातोय बरोबर, त्याला परतायला वाट नाही. माणूस कामावर गेला, पण घरी येणारा रस्ताच खचलाय. अर्थिंगचा बोल्ट बघायला पाहिजे. रंग खरवडावा लागेल.”

“रंग? अहो, दसरा तोंडावर आलाय! उलट मी अजून एक हात मारणार होते.”

“ताई, रंगच तर काढायचाय.”

सुलक्षणानं पदर खोचला, त्यांच्या हातातली खरवडणी घेतली आणि स्वतः माझ्याखाली शिरली. खर्र, खर्र. काळ्या रंगाच्या खपल्या पडू लागल्या, आणि त्यांच्याबरोबर तांबडी भुकटी, मूठ मूठ. बॅटरीची जाड पट्टी जिथे माझ्या सांगाड्याला बोल्टानं आवळलेली असते, तिथे बोल्ट नुसता नावाला होता. बाजूच्या आडव्या दांड्याला तिनं स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर तो आरपार गेला.

ती तिथेच आडवी पडून रडायला लागली. “मीच मारली हिला. इतकी वर्षं माझ्याच हातानं.”

“मारली नाहीत, झाकलीत,” मिस्त्री म्हणाले. “मी तरी कुठे खाली बघितलं? काखेत कळसा नि गावाला वळसा. चला, उठा. हिच्यात अजून दम आहे.”

आहेच मुळी! सडलेला दांडा कापला, नवा जोडला, शेजारच्या वेल्डरच्या ठिणग्या माझ्या पोटाखाली उडाल्या. दुखलं नाही असं मी म्हणणार नाही. गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं माझं सगळं मीठ धुऊन काढलं, मला उन्हात सुकवलं, मग गंज धरू न देणारा तांबडा प्राइमर लावला. बोल्ट नवा आणि त्याच्याखालचं लोखंड घासून पांढरंशुभ्र.

दसऱ्याला सुलक्षणा ताट घेऊन आली. हळद, कुंकू, नारळ, झेंडू. काळ्या रंगाचा डबा यंदा नव्हता, माझं पोट तांबडं, ठिगळाठिगळाचं. ती सवयीनं माझ्या पायरीशी नारळ घेऊन वाकली, तसे मिस्त्री ओरडले, “ताई, नारळ तिकडे दगडावर फोडा! ते पाणी आता गाडीवर नको. आणि बोल्टाला कुंकूबिंकू लावू नका हां!”

ती हसली. नारळ लांब फोडला, माळ आरशाला घातली, खोबरं सगळ्यांना वाटलं. मग गोणपाट टाकून माझ्याखाली शिरली, बोटावर ग्रीस घेतलं आणि त्या नव्या बोल्टाला चोपडलं. “औंदा तुका ह्याच कुंकू गो,” म्हणाली. इतक्या दसऱ्यांत माझी खरी पूजा झाली ती त्या दिवशी.

लग्नाच्या सीनला आम्ही मढला पोचलो तेव्हा नायिकेसाठी एक नवी, लांबलचक गाडी आली होती. केयूरनं मला खालून वर पाहिलं. “ताई, सगळं एकदम लावू नका हां. नाहीतर परत वाट लागेल.”

सुलक्षणानं सगळं एकदम लावलं. पंप, पंखा, आरशाचे दिवे, हेडलाइट, सिग्नल, आणि वर हॉर्नवर हात दाबून धरला. मी पापणी लववली नाही, मित्रांनो! नव्या गाडीतून नायिका बाहेर येऊन बघू लागली की हे काय चाललंय. “कळलं, कळलं, हॉर्न बंद करा!” असं म्हणत केयूर कानावर हात ठेवून निघून गेला.

बायका तरी लांबूनच बघत होत्या. मागचा अनुभव होता ना! मग चंपा पुढे झाली. आत आली, कडी लावली, पंप लावला. दिवा जळत राहिला. ती बाहेर आली, मांडवातल्या माठाशी गेली, ग्लास भरला आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्यायली. वर दुसरा भरला. मग एकेक करत माठाशी रांग लागली. दुपारपर्यंत माठ दोनदा भरावा लागला, आणि माझ्या दारात चपलांचा हा ढीग!

तर मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल, सायकल असेल, म्हातारं माणूस असेल, नुसता वरून रंग देऊन खूश होऊ नका. खाली वाकून बघा. आधी धुवा, मग रंगवा. आणि जुन्याला भंगार म्हणण्याआधी त्याच्या भरवशावर कोण आहे ते विचारा.

आणि कधी मढला आलात, तहान लागली, तर पोटभर पाणी प्या. मी उभी आहे.